खोट्या सहीचे चेक बँकेने वटवले, वर सोसायटीलाच दोष, आणि खात्याची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर कशी आली?

परळकर_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण दोन विषय आहेत आणि दोन्ही एकाच ब्रँचमधले आहेत.

आमची परळची जुनी चाळ रिडेव्हलप झाली, आता सोसायटी आहे. सोसायटीचं खातं एका बँकेत आहे (नाव मुद्दाम देत नाही). खात्यावर सेक्रेटरी आणि खजिनदार अशा दोघांच्या सह्या लागतात, तसा ठराव बँकेला दिलेला आहे. ऑफिसात हिशेब लिहायला एक क्लार्क होता. यंदा ऑडिटच्या वेळी ऑडिटरने काही पेमेंटची व्हाउचर मागितली, ती सापडेनात. मग बँकेकडून चेकच्या इमेज मागवल्या तर त्या चेकांवर खजिनदार काकांची सही खरी आणि माझी सही खोटी. काकांचं वय झालंय, क्लार्क लिफ्टवाल्याचा चेक म्हणाला की ते सही करायचे. माझी सही त्यानेच मारली असणार, कारण पैसे ज्या खात्यात गेले ते त्याच्या नातेवाईकाचं निघालं. पोलीस तक्रार दिली आहे, बँकेलाही कळल्याबरोबर लेखी कळवलं.

बँकेचं उत्तर आलं त्याचा सारांश असा, स्टेटमेंट दर महिन्याला ईमेलवर जात होतं तुम्ही हरकत घेतली नाही, चेकबुक नीट सांभाळलं नाही, माणूस तुमचाच, आणि सही वरवर पाहता जुळते. सबब बँक जबाबदार नाही.

दुसरा विषय. हे सगळं आम्ही अजून कमिटीतच बोलत होतो तेव्हा आमच्याशी वाकडं असलेल्या एका सभासदाने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खात्यात शिल्लक किती, एफडी किती, सगळं टाकलं. एवढंच नाही, माझं स्वतःचं खातं त्याच ब्रँचला आहे, माझ्या लोनचा एक हप्ता लेट झाला होता तेही लिहिलं. त्याची ब्रँचमध्ये ओळख आहे आणि काउंटरवरून माहिती मिळाली असं तो उघडपणे सांगतो.

पैसे सभासदांचे आहेत, मेंटेनन्सचे, सिंकिंग फंडाचे. यात बँकेची कायद्याने जबाबदारी नेमकी काय आहे? जाणकारांनी सांगावं.

शिवडीकर

वाचून वाईट वाटलं. आमच्या सोसायटीत पण दोन सह्या आहेत, आता सगळे चेक काढून बघणार. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

माजी_बँकर

मी बँकेत आयुष्य काढलंय, त्यातली बरीच वर्षं क्लिअरिंगला, म्हणून आधी काम कसं चालतं ते सांगतो, कायदा वकील मंडळी सांगतील.

पूर्वी चेक प्रत्यक्ष फिरायचा, क्लिअरिंग हाऊसला जायचा आणि मग आपल्या ब्रँचला. आता सीटीएसमध्ये, म्हणजे चेकऐवजी त्याची इमेज पाठवायच्या पद्धतीत, चेक जिथे भरला त्या बँकेतच राहतो, पुढे जाते ती त्याची इमेज आणि एमआयसीआरचा, म्हणजे चेकच्या खालच्या पट्टीवरच्या यंत्राने वाचायच्या आकड्यांचा, डेटा. म्हणजे तुमच्या बँकेच्या माणसाने तो कागद हातात घेतलेलाच नाही, स्क्रीनवर एका बाजूला चेक आणि दुसऱ्या बाजूला नमुना सही, बघून पास किंवा रिटर्न. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात, दिवसा आलेल्या चेकवर पैसे देणाऱ्या बँकेने त्याच संध्याकाळी ७ पर्यंत हो की नाही सांगायचं, नाही सांगितलं तर चेक पास झाला असं धरतात. कामाचा रेटा केवढा असतो याची कल्पना करा.

पण रेटा आहे म्हणून जबाबदारी कमी होत नाही, हे मी नोकरीत असतानाही ज्युनियर पोरांना सांगायचो. परळकर, तुम्ही तीन गोष्टी सांगा. एक, चेकच्या रकमा किती होत्या. दोन, पॉझिटिव्ह पे लावलं होतं का. तीन, चेक वटल्याचे एसएमएस कुणाच्या मोबाईलवर जात होते.

आणि बँकेची बाजूही ऐका. चेकबुक कुलुपात न ठेवता क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये ठेवणं, खजिनदाराने व्हाउचर न बघता सही करणं, स्टेटमेंट न बघणं, हे सगळं बँकेचा वकील कोर्टात मांडणारच.

परळकर_सेक्रेटरी

साहेब, रकमा बहुतेक चाळीस हजारांच्या आसपास, प्रत्येक वेळी पन्नासच्या खाली. पॉझिटिव्ह पे नव्हतं. एसएमएस ऑफिसच्या नंबरवर, म्हणजे तो मोबाईल क्लार्ककडेच.

माजी_बँकर

पन्नासच्या खाली ठेवले यावरूनच कळतं की त्याला नियम माहीत होता. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० आणि वरच्या चेकला पॉझिटिव्ह पे उपलब्ध आहे, म्हणजे आपण चेक दिला की तारीख, रक्कम, कुणाच्या नावे हे बँकेला आधी कळवायचं आणि क्लिअरिंगला ते ताडून बघतात. ५०,००० वर ते खातेदाराच्या मर्जीवर आहे, ५ लाख आणि वरच्यांना बँक सक्तीचं करू शकते.

वकील_गिरगाव

उशिरा आलो, कोर्टात होतो. हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या सोसायटीचा माझ्याकडे येतो, आणि बँकेचं उत्तर शब्दही न बदलता हेच असतं, म्हणून नीट लिहितो.

मुळात खातेदार आणि बँक यांचं नातं काय? आपण पैसे भरले की ते बँकेचे होतात आणि बँक आपली ऋणको, म्हणजे आपलं देणं लागणारी. १८४८ च्या फोली विरुद्ध हिल या इंग्लंडच्या खटल्यापासून हे ठरलेलं आहे आणि आपल्याकडेही तेच मानतात. चेक म्हणजे आपण आपल्या ऋणकोला दिलेला हुकूम, अमक्याला इतके पैसे दे. सही खोटी असेल तर हुकूमच नाही. हुकूम नसताना बँकेने पैसे दिले तर ते तिने स्वतःच्या खिशातून दिले, तुमच्या खात्यातून वळते करून घ्यायचा तिला अधिकारच नाही. सही हुबेहूब होती की वेडीवाकडी, हा प्रश्न इथे येतच नाही.

आता तुमच्या केससाठी दोन निकाल लिहून ठेवा.

पहिला, बिहटा को-ऑपरेटिव्ह डेव्हलपमेंट अँड केन मार्केटिंग युनियन विरुद्ध बँक ऑफ बिहार, सुप्रीम कोर्ट, १९६७ च्या रिपोर्टमध्ये आहे. सहकारी संस्थेचं खातं, दोन सह्या लागत होत्या, त्यातली एक खोटी. कोर्टाने बँकेला जबाबदार धरलं. दोन सह्यांचा हुकूम असेल तर एका खऱ्या सहीने तो अर्धा पुरा होत नाही, तो हुकूमच होत नाही. खजिनदार काकांची सही खरी आहे ना असं बँक म्हणाली तर त्याचं उत्तर इथे आहे.

दुसरा, कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन, सुप्रीम कोर्ट, १९८७. कंपनीच्या अकाउंटंटच्या ताब्यात चेकबुक होतं, त्याने मॅनेजिंग डायरेक्टरची खोटी सही करून ४२ चेक वटवले, एकूण ३,२६,०४७ रुपये ९२ पैसे, आणि हे काही वर्षं चाललं. बँकेने तेव्हाही हेच म्हटलं, माणूस तुमचा, पासबुकं आणि हिशेब तुमच्याकडे येत होते, तुम्ही वेळेत बघितलं नाही. कोर्टाने ते फेटाळलं. खातेदाराने पासबुक तपासलं नाही एवढ्याने बँकेची सुटका होत नाही. बँकेला दाखवावं लागतं की खातेदाराने ती खोटी सही आपली म्हणून स्वीकारली, नाहीतर माहीत असून असं वागला की बँक त्यावर विसंबून फसली. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही.

बँकेच्या पत्रातलं स्टेटमेंट ईमेलवर जात होतं हे वाक्य घ्या आणि हा निकाल शेजारी ठेवा.

माजी_बँकर

वकीलसाहेब, निकाल मान्य. पण मग खातेदाराची काहीच जबाबदारी नाही असं लोकांनी समजू नये. मॅकमिलनचा खटला आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवला होता, तिथे बँक जिंकली होती.

वकील_गिरगाव

बरोबर, आणि तो फरक सगळ्यांनी समजून घ्यावा असाच आहे. लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन अँड आर्थर, १९१८. फर्मच्या क्लार्कने भागीदारापुढे २ पौंडांचा चेक सहीला ठेवला, अक्षरी रकमेची जागा कोरी, आकड्याच्या मागेपुढे जागा सोडलेली. सही झाल्यावर त्याने त्याचे १२० पौंड केले. तिथे सही खरी होती, हुकूम होता, आणि खातेदाराने चेक असा लिहिला की फेरफार करणं सोपं झालं, म्हणून नुकसान खातेदाराचं. चेक लिहिताना काळजी घेणं हे खातेदाराचं कर्तव्य.

चेकबुक कुठे ठेवलं, नोकर कसा निवडला, हिशेब कधी तपासले, हे मात्र या कर्तव्यात येत नाही.

खातेदाराचं दुसरं कर्तव्य, खोटी सही झाल्याचं कळल्यावर बँकेला ताबडतोब कळवायचं. ग्रीनवुड विरुद्ध मार्टिन्स बँक, १९३३. बायकोने नवऱ्याच्या खोट्या सह्या केल्या, नवऱ्याला कळलं तरी बरेच महिने गप्प बसला, बायको वारल्यावर बँकेवर दावा लावला, तो हरला. परळकर, तुम्ही कळल्याबरोबर लेखी कळवलंय हे फार मोलाचं आहे, त्या पत्राची पोच जपून ठेवा.

माधवी_मुलुंड

मग खाडाखोड केलेल्या चेकचं काय? म्हणजे सही खरी पण रक्कम किंवा नाव केमिकलने पुसून बदललं तर?

वकील_गिरगाव

माधवीताई, तिथे कायदा वेगळा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१ चं कलम ८९. फेरफार चेकवर दिसत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील तर बँकेला संरक्षण आहे. सुप्रीम कोर्टात बँक ऑफ महाराष्ट्र विरुद्ध ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग कंपनी, १९९३, तिथे ब्रँचमध्ये अल्ट्राव्हायोलेट दिवा नव्हता म्हणून बँक निष्काळजी ठरते का असा प्रश्न होता, कोर्ट म्हणालं नाही. पण तो काळ वेगळा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये आरबीआयने चेकच्या फसवणुकीवर बँकांना सूचना काढल्या, त्यात साधारण २ लाखांच्या वरचे चेक यूव्ही दिव्याखाली बघा, ५ लाखांच्या वरचे एकापेक्षा जास्त पातळ्यांवर तपासा, क्लिअरिंगला चेक आला की एसएमएस द्या, संशय आला तर खातेदाराला फोन करा असं आहे. शिवाय सीटीएसमध्ये तारीख पुन्हा वैध करण्याव्यतिरिक्त कुठलीही खाडाखोड चालत नाही, नाव किंवा रक्कम चुकली तर नवीन चेकच लिहायचा. आज दिवा नव्हता म्हणून कुणी सुटेल असं मला वाटत नाही.

हिशेबनीस_ठाकुरद्वार

मी सोसायट्यांचे हिशेब बघतो. एक मुद्दा कुणी काढला नाही. पैसे ज्या खात्यात जमा झाले ती दुसरी बँक. तिची काही जबाबदारी?

वकील_गिरगाव

आहे, आणि तिला विसरू नका. त्याच १८८१ च्या कायद्याचं कलम १३१. दुसऱ्याचा चेक गोळा करणारी बँक प्रामाणिकपणे आणि निष्काळजीपणा न करता वागली तरच तिला संरक्षण. २००२ च्या दुरुस्तीने चेकची इमेज कायद्यात आली तेव्हा त्या कलमात स्पष्टीकरण जोडलं गेलं, की चेकवर वरवर दिसणारी फसवणूक, बनावट सही, फेरफार हे योग्य काळजी घेऊन तपासणं चेक भरून घेणाऱ्या बँकेचं कर्तव्य, कारण कागद तिच्याच हातात आहे. परळकर, ते चेक कुणाच्या नावे होते?

परळकर_सेक्रेटरी

काही त्या नातेवाईकाच्या नावाच्या एंटरप्रायझेसच्या नावे, आणि दोन मात्र आमच्या लिफ्ट कंपनीच्या नावे, अकाउंट पेयी, पण जमा झाले एका पतपेढीच्या खात्यात.

वकील_गिरगाव

हे फार महत्त्वाचं आहे! अकाउंट पेयी चेक ज्याच्या नावे आहे त्याच्याच खात्यात जमा झाला पाहिजे, आरबीआयने बँकांना दुसऱ्या कुणाच्या खात्यात जमा करायला मनाई केलेली आहे. एकच सवलत आहे ती सहकारी पतसंस्थांसाठी, त्यांच्या सभासदाच्या नावचा ५०,००० पर्यंतचा अकाउंट पेयी चेक पतसंस्थेच्या बँक खात्यातून गोळा करता येतो, कारण अनेकांचं खातं फक्त पतपेढीतच असतं. पण तो सभासद म्हणजे चेकवर ज्याचं नाव आहे तोच असला पाहिजे. लिफ्ट कंपनी त्या पतपेढीची सभासद होती का हे विचारा. लेखी विचारा, त्या बँकेलाही आणि पतपेढीलाही.

लालबागची_सून

बापरे, म्हणजे ५०,००० च्या आत ठेवण्याचं हेही कारण असू शकतं.

माजी_बँकर

असू शकतं. आणि मूळ चेक मागवा. चेक भरून घेतलेल्या बँकेने मूळ कागद १० वर्षं जपून ठेवायचा असतो. इमेजवर दाबाच्या खुणा, शाई, मागची बाजू नीट कळत नाही. त्याच कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे संशय असेल तर पैसे देणारी बँक मूळ चेक मागू शकते. तुमच्या बँकेला पत्र द्या की मूळ चेक मागवून घ्या आणि नमुना सहीच्या कार्डाची प्रत द्या.

दादर_पूर्वचा_दुकानदार

मला उलटा प्रश्न पडलाय. माझ्या खात्यात पैसे होते तरी बँकेने माझा चेक परत पाठवला, शेरा अपुरी शिल्लक. होलसेलवाल्याने उधारी बंद केली. बँक म्हणते सिस्टिम एरर, चार्जेस परत देतो. एवढंच?

वकील_गिरगाव

त्याच १८८१ च्या कायद्याचं कलम ३१. खात्यात पुरेसे पैसे असताना आणि ते देण्यासारखे असताना चेक परत पाठवला तर त्याने झालेलं नुकसान बँकेने चेक लिहिणाऱ्याला भरून द्यायचं. लक्षात घ्या, हा हक्क तुमचा आहे, ज्याच्या नावे चेक होता त्याचा नाही, त्याचं बँकेशी नातं नाही. व्यापाऱ्याच्या बाबतीत कोर्टं पत गेल्याचं नुकसान गृहीत धरतात, वेगळा पुरावा द्यायची गरज पडत नाही. उलट लहान रकमेचा चेक परत गेला तर पत जास्त जाते असं मानतात, कारण एवढेही नव्हते असा अर्थ लोक काढतात. होलसेलवाल्याकडून उधारी बंद केल्याचं लिहून घ्या, बँकेकडून चूक झाल्याचं पत्र घ्या. चार्जेस परत घेऊन पूर्ण समाधान झालं अशा कागदावर सही करू नका.

शिवडीकर

ड्रॉप बॉक्सबद्दल विचारू का? आमच्या ब्रँचला काउंटरवर चेक घेतच नाहीत, बॉक्सात टाका म्हणतात. वडिलांचा पेन्शनच्या फरकाचा चेक असाच गहाळ झाला.

माजी_बँकर

काउंटरवर चेक दिला तर पोच द्यायला कुठलीच ब्रँच नाही म्हणू शकत नाही, आरबीआयची स्पष्ट सूचना आहे. ड्रॉप बॉक्सवरच तसं लिहिलेलं असायला हवं. चेक क्लिअरिंगमध्ये किंवा वाटेत हरवला तर बँकेने लगेच कळवायचं, डुप्लिकेट मिळवायचा खर्च आणि वाजवी उशिराचं व्याज द्यायचं. काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू नका, त्याला वरून सांगितलेलं असतं, थेट मॅनेजरला लेखी द्या. वडिलांचं वय असेल तर तुम्हीच जा.

माधवी_मुलुंड

परळकरांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. माहिती बाहेर जाण्याचा. मला तो जास्त गंभीर वाटतो. माझ्या मैत्रिणीच्या खात्याची माहिती घटस्फोटाच्या केस आधी तिच्या नवऱ्याला मिळाली, तो ब्रँचला गेला आणि मी नवरा आहे म्हणून स्टेटमेंट काढून घेतलं. तिच्या स्वतःच्या पगाराचं खातं. तिला ते कळल्यावर ती महिनाभर झोपली नाही.

वकील_गिरगाव

माधवीताई, नवरा असो, बाप असो, खातं तिच्या एकटीच्या नावावर असेल तर बँकेने तिच्या लेखी संमतीशिवाय एक ओळही द्यायची नाही.

जगभर ज्याचा दाखला देतात तो खटला टूर्निए विरुद्ध नॅशनल प्रोव्हिन्शियल अँड युनियन बँक ऑफ इंग्लंड, १९२४. टूर्निए नावाच्या माणसाचं दहा पौंडांपेक्षाही कमी कर्ज थकलं होतं. बँक मॅनेजरने त्याचा पत्ता काढायला त्याच्या नोकरीच्या ठिकाणी फोन केला आणि बोलता बोलता कर्ज थकलंय, तो बुकीकडे पैसे लावतो असंही सांगितलं. त्याची नोकरी गेली. अपील कोर्टाने म्हटलं, गुप्तता पाळणं हा बँक आणि खातेदार यांच्या करारातच अध्याहृत आहे, तो कागदावर लिहिलेला असण्याची गरज नाही. चार अपवाद सांगितले, कायद्याने भाग पाडलं तर, सार्वजनिक हितासाठी तसं कर्तव्य असेल तर, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी गरज असेल तर, आणि खातेदाराची उघड किंवा गृहीत संमती असेल तर.

आपल्याकडेही हेच चालतं. स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यात कलम ४४, राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यात कलम १३, दोन्हीत गुप्ततेचं बंधन लिहूनच ठेवलंय. आणि २००४ मध्ये डिस्ट्रिक्ट रजिस्ट्रार अँड कलेक्टर विरुद्ध कॅनरा बँक या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कागदपत्रं बँकेच्या ताब्यात गेली म्हणून त्यावरचा खातेदाराचा खाजगीपणाचा हक्क संपत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर तर खाजगीपणा मूलभूत हक्कच आहे.

हिशेबनीस_ठाकुरद्वार

पण इन्कम टॅक्सवाले मागतात तेव्हा बँक देतेच ना?

वकील_गिरगाव

देते, कारण तो पहिला अपवाद. इन्कम टॅक्सची कायद्याखालची नोटीस, कोर्टाचं समन्स, पोलिसांनी तपासात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवलेले कागद, मनी लाँडरिंग कायद्याखालचे रिपोर्ट, क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांना २००५ च्या कायद्याप्रमाणे जाणारी कर्जाची माहिती. पण तिथेही जेवढं मागितलंय तेवढंच द्यायचं, आणि ज्याने मागितलं त्यालाच. सोसायटीचा सभासद यातल्या कशातच बसत नाही. त्याला सोसायटीचे हिशेब बघायचा हक्क सहकार कायद्याने आहे, पण तो सोसायटीकडे अर्ज करून, बँकेच्या काउंटरवर ओळखीने नाही.

आणि परळकर, तुमच्या लोनच्या हप्त्याची गोष्ट तर सरळ टूर्निएसारखी आहे. सोसायटीच्या खात्याचा विषय एक, तुमच्या वैयक्तिक खात्याचा दुसरा, दोन तक्रारी वेगळ्या करा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, तो मोबाईल बदलू नका, फॉरमॅट करू नका.

लालबागची_सून

वसुलीवाले शेजाऱ्यांना फोन करून सांगतात हे पण यातच येतं का? आमच्या मजल्यावर एका वहिनींना असं झालं, सगळ्या दारांवर फोन आले, बिचाऱ्या गणपतीला गावी पण गेल्या नाहीत, लोकांना तोंड कसं दाखवू म्हणाल्या.

माजी_बँकर

येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये आरबीआयने परत बजावलंय, कर्जदाराचा किंवा त्याच्या घरच्यांचा, मित्रांचा, रेफरन्स दिलेल्यांचा सार्वजनिक अपमान होईल असं काही करायचं नाही, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नाहीत. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेचीच. आणि केवायसीची माहिती तर इन्शुरन्स विकायलासुद्धा खातेदाराच्या स्पष्ट परवानगीशिवाय वापरायची नाही असा नियम आहे.

मला मनापासून वाईट वाटतं ते याचं की आमच्या वेळी नोकरीला लागल्याच्या पहिल्याच दिवशी गुप्ततेच्या शपथपत्रावर सही घ्यायचे, आणि लेजर उघडं टाकून चहाला गेलेल्याला मेमो मिळायचा. काउंटरवरची स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळलेली असते हल्ली, मागच्या माणसाला शेजाऱ्याची शिल्लक वाचता येते. कुणीतरी मॅनेजरला सांगा, प्रत्येक ब्रँचमध्ये सांगा.

परळकर, अजून एक. आता कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे सगळ्या ब्रँचच्या एकत्र कॉम्प्युटर सिस्टिममध्ये, कुठल्या कर्मचाऱ्याने कुठलं खातं कधी उघडून बघितलं याची नोंद राहते. तक्रारीत लिहा की अमुक तारखांच्या दरम्यान ही दोन खाती कुणी कुणी बघितली याची अंतर्गत चौकशी करावी आणि त्या नोंदी जपून ठेवाव्यात. एवढं वाक्य वाचलं की ब्रँचचा सूर बदलतो, मी आतून बघितलंय.

परळकर_सेक्रेटरी

हे माहीतच नव्हतं, लगेच घालतो. आता कुठे जायचं ते सांगा. ओम्बड्समन (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा आरबीआयचा अधिकारी), ग्राहक मंच की दिवाणी कोर्ट? कमिटीत कुणी म्हणतं ओम्बड्समन फुकट आहे तिथे जाऊ, कुणी म्हणतं वेळ घालवू नका.

वकील_गिरगाव

आधी बँकेच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी, ब्रँचला नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या ओम्बड्समनकडे, सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येतं, चौकशीसाठी १४४४८ नंबर आहे. फी नाही, वकीलही लागत नाही, वकिलामार्फत केलेली तक्रार तर घेतच नाहीत, स्वतः करायची. तोच विषय कोर्टात चालू असेल तर ओम्बड्समन घेत नाही, म्हणून क्रम सांभाळा. तुमची बँक सहकारी असेल तर ती या योजनेत येते का ते आधी बघा, छोट्या बँका येत नाहीत.

माझं मत, गुप्ततेची तक्रार आणि पतपेढीत गेलेल्या दोन चेकची तक्रार ओम्बड्समनकडे चांगली चालेल, कारण तिथे आरबीआयच्या सूचनांचा सरळ भंग दिसतो. खोट्या सहीचा विषय बँकेने सही खोटी आहे हेच नाकारलं तर अडकेल, पुरावा, हस्ताक्षर तज्ज्ञ, उलटतपासणी लागेल. ग्राहक आयोगात सहकारी संस्था तक्रारदार होऊ शकते, मुदत २ वर्षं, पण फसवणुकीच्या गुंतागुंतीच्या केस तिथे चालवू नयेत असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सिटी युनियन बँकेच्या केसमध्ये म्हटलंय, त्यामुळे तिथून परत पाठवतील ही भीती असते. दिवाणी दाव्याला साधारण ३ वर्षं. कमिटीने आत्ताच ठराव करून ठेवा की दावा लावायचा अधिकार कुणाला, नाहीतर पुढे त्यावरच दोन तारखा जातात.

आणि दावा क्लार्कवर लावून बँकेला सोडू नका. क्लार्ककडून काही वसूल झालं तर ते वजा होईल. पण बँकेला तुमचे पैसे परत करायचे आहेत कारण तुमचे पैसे कायद्याच्या दृष्टीने तिच्याकडून गेलेलेच नाहीत, ते अजून तिच्याकडेच जमा आहेत.

दादर_पूर्वचा_दुकानदार

हे शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या सभेत वाचून दाखवणार आहे.

शिवडीकर

वकीलसाहेब एक राहिलं, खजिनदार काकांवर सभासद ओरडतायत का? आमच्याकडे असं झालं असतं तर लोकांनी त्यांना जगू दिलं नसतं.

परळकर_सेक्रेटरी

ओरडतायत. पंधरा वर्षं फुकट काम केलंय त्यांनी, पाण्याच्या टँकरपासून ओसीपर्यंत (इमारत वापराच्या दाखल्यापर्यंत) सगळं. आता घराबाहेर पडत नाहीत. बँकेच्या पत्राची झेरॉक्स कुणीतरी त्यांच्या दाराखाली सरकवली, खाली पेनने लिहिलं होतं भरपाई कोण देणार. म्हणून तर हा धागा काढला. सुप्रीम कोर्टाचे दोन्ही निकाल उद्या प्रिंट करून नोटीस बोर्डवर लावतो, आणि एक प्रत त्यांच्या हातात नेऊन देतो.

वकील_गिरगाव

जरूर द्या. आणि त्यांचा जबाब पोलिसांकडे आत्ताच नोंदवून घ्या, सह्या कशा घेतल्या गेल्या ते त्यांच्या तोंडून कागदावर यायला हवं, ते बँकेविरुद्ध उपयोगाचं आहे. बँकेचं पत्र आणि चेकच्या इमेज मला व्यनि (खाजगी निरोप) करा, खाते क्रमांक झाकून. तक्रार कक्षाला पाठवायचा मसुदा शनिवारपर्यंत करून देतो.